विष बापाच्या अंगात, पुराव्याचं ओझं पोराच्या डोक्यावर

आमच्या तात्यांची तासगावकडे दीड एकर द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या उसात टू-फोर-डी नावाचं तणनाशक मारलं गेलं, वारं नेमकं बागेच्या दिशेने, आणि आठ-दहा दिवसांत कोवळी पानं आकसून पंख्यासारखी झाली. कुठल्याही द्राक्षवाल्याला ते पान दाखवा, हातात घेऊन सांगेल काय झालंय ते. पण बघायला आलेल्या साहेबांनी कागदावर काय लिहिलं तर पानांत विकृती आढळली, कारण निश्चित सांगता येत नाही. शेजारी म्हणाला मी एकट्यानेच मारलं का, वरच्या वाटेकऱ्याने पण मारलं की. तात्या वैतागून म्हणाले, आता काय पानावर त्याचं नाव छापून यायला पाहिजे?

हा किस्सा सांगायचं कारण असं की एजंट ऑरेंजबद्दल जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला तात्यांचं तेच वाक्य आठवतं. व्हिएतनाम युद्धात जे विष फवारलं गेलं त्याचा त्रास सैनिकांच्या आणि तिथल्या लोकांच्या मुलांना, नातवंडांना झाला की नाही, आणि झाला तर ते 'मान्य' कोण करणार, हा वाद पन्नासेक वर्षं चाललाय. आणि त्यातला खरा अडथळा विज्ञानाचा कमी आणि पुरावा कुणी आणायचा ह्या नियमाचा जास्त आहे, असं माझं मत झालंय. कसं ते सांगते, पण आधी थोडी केमिस्ट्री लागेल, कंटाळू नका.

एजंट ऑरेंज म्हणजे दोन तणनाशकांचं अर्धं-अर्धं मिश्रण. एक आपलं हेच टू-फोर-डी, जे आजही कृषी सेवा केंद्रात उसासाठी, गव्हासाठी सर्रास मिळतं. आणि दुसरं त्याचंच भावंड, टू-फोर-फाइव्ह-टी. गडबड ह्या दुसऱ्यात होती. ते बनवताना तापमान जरा वर गेलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन आपोआप तयार होतं, कुणी मुद्दाम घालत नाही, दुधाचं पातेलं करपलं की वास लागतो तसं. युद्धात मागणी जबरदस्त, माल पटापट काढायचा, मग हे करपणं वाढलं. (म्हणून टू-फोर-डीची बाटली म्हणजे एजंट ऑरेंज असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर ते चूक आहे. टू-फोर-फाइव्ह-टी अमेरिकेने १९८५ पर्यंत पूर्ण बंद केलं.) नाव 'ऑरेंज' का, तर २०८ लिटरच्या पिंपावर केशरी पट्टा असायचा म्हणून, बाकी त्या द्रवाचा रंगाशी काही संबंध नव्हता. व्हाइट, ब्लू, पर्पल, पिंक असे इतर पट्टेही होते.

१९६२ ते १९७१ मध्ये ऑपरेशन रँच हँड नावाच्या मोहिमेत अमेरिकी विमानांनी प्रामुख्याने दक्षिण व्हिएतनामवर ही सगळी तणनाशकं मिळून ७ कोटी लिटरच्या वर फवारली. उद्देश दोन, जंगलाची पानं झाडायची म्हणजे शत्रूला लपायला जागा नको, आणि भातशेती मारायची म्हणजे त्याला खायला नको. २००३ मध्ये 'नेचर' मासिकात जीन स्टेलमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या फवारणीच्या नोंदी तपासून हिशोब मांडला की फवारा पडलेल्या वस्त्यांमध्ये किमान २१ लाख, कदाचित ४८ लाख लोक राहत असतील. आणि ह्या नोंदी मुख्यतः विमानांच्या. तळांच्या कुंपणाकडेचं गवत मारायला पाठीवरच्या पंपाने, ट्रकवरून जे मारलं ते कुणी नीट लिहूनच ठेवलं नाही.

आता डायॉक्सिन अंगात गेल्यावर काय करतं. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतं. माणसाच्या शरीरात ते निम्मं व्हायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. पेशीत एक रिसेप्टर, म्हणजे रसायन येऊन चिकटायची जागा असते, तिथे हे चिकटतं आणि कुठले जीन चालू, कुठले बंद ह्याच्या बटनांशी खेळतं. आई दूषित असेल तर मुलापर्यंतची वाट समजायला सोपी आहे, पोटात असताना रक्तातून, नंतर दुधातून, आईच्या चरबीतलं डायॉक्सिन दुधात उतरतं. हे नीट माहीत आहे, त्यावर कुणी भांडत नाही.

भांडण बापाचं आहे. बाप १९६९ ला व्हिएतनामला गेला, वर्षाने परत आला, १९७३ ला मुलगी झाली, आणि आई तर कधी अमेरिकेबाहेरही गेली नाही. मग विष मुलीपर्यंत गेलं कसं? इथे एपिजेनेटिक्स नावाची भानगड येते. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच, म्हणजे डीएनए तसाच्या तसा. पण 'इतर हक्क' मध्ये बोजा चढवला की त्याच जमिनीचा व्यवहार अडतो. डीएनएवर पण अशा रासायनिक नोंदी असतात आणि कुठला जीन चालणार ते त्यावर ठरतं. बीज तयार होताना आणि गर्भ राहिल्यावर ह्यातल्या बहुतेक नोंदी पुसल्या जातात, पण सगळ्याच पुसल्या जात नाहीत, काही बोजे वारस नोंदीबरोबर पुढे जातात. उंदरांवर हे दिसलंय, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकल स्किनर यांच्या टीमने २०१२ मध्ये दाखवलं की गाभण उंदरीला डायॉक्सिन दिलं तर आजार थेट तिच्या पणतवंडांपर्यंत दिसतात. पण बघा, 'गाभण उंदरीला'. सैनिक बापाला हे जसंच्या तसं लागू होत नाही आणि विरोधातले लोक लगेच तेच बोट दाखवतात.

माणसांमध्ये सिद्ध करणं का अवघड, तर कुठल्याही देशात, काहीही विष न पडता, शंभरातली साधारण तीन बाळं काही ना काही जन्मजात व्यंग घेऊन येतात. व्हिएतनामला २६ लाखांहून जास्त अमेरिकी जाऊन आले, त्यांना लाखो मुलं झाली, त्यात हजारो मुलांना व्यंग असणारच होतं. ह्यातलं कुठलं डायॉक्सिनमुळे आणि कुठलं एरवीही झालं असतं हे सांगणारी कुठलीही टेस्ट नाही. दुभंगलेला ओठ हा दुभंगलेला ओठच दिसतो. पानावर नाव छापून येत नाही तसंच. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचं नीट बंद न होणं, हे आईच्या आहारात फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं तरी होतं. आणि बापाचं रक्त तपासून काय मिळणार, १९७० ला अंगात गेलेलं डायॉक्सिन दर ७ वर्षांनी निम्मं धरलं तर २०२६ पर्यंत आठ वेळा निम्मं झालं, म्हणजे २५६ वा भाग उरला, तोही बाप जिवंत असेल तर.

अभ्यास झाले नाहीत असं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, अटलांटा भागात जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास केला, एकूण बघता व्हिएतनामला गेलेल्यांच्या मुलांत व्यंग जास्त नाही असं निघालं, पण ज्यांचा विषाशी संपर्क जास्त असेल असा अंदाज होता त्यांच्या मुलांत स्पायना बिफिडासारखी दोन-चार व्यंगं जास्त दिसली. २००६ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण आलं, त्यात आईबापाचा संपर्क असेल तर व्यंगाचा धोका जवळजवळ दुप्पट, १.९५ पट निघाला. पण त्यातच व्हिएतनामी अभ्यास वेगळे काढले तर ३ पट, आणि फक्त बाकीचे बघितले तर १.२९ पट. एक बाजू म्हणते व्हिएतनामी लोक तिथेच राहिले, तेच पाणी, तेच मासे, म्हणून धोका जास्त. दुसरी बाजू म्हणते तिथले बरेच अभ्यास नीट छापलेले, तपासलेले नाहीत. मला दोन्हीत तथ्य वाटतं आणि म्हणूनच म्हणते की फक्त विज्ञानाची वाट बघत बसलो तर निकाल लागायच्या आत माणसं संपतील.

मग मान्यता मिळते कशी? तर नियम बदलून.

आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, सांगलीत घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यांना डिसॅबिलिटी पेन्शनमधला 'अ‍ॅट्रिब्युटेबल' हा शब्द चांगला पाठ असतो. आजार नोकरीमुळे झाला की एरवीही झाला असता, ह्यावर पेन्शन अडतं. २०१३ च्या एका निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भरतीच्या वेळी मेडिकलला माणूस फिट लिहिला असेल आणि आजार नोकरीत असताना झाला असेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरून चालायचं, तसं नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने दाखवावं. आजार तोच, विज्ञान तेच, फक्त ओझं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं आणि हरलेली केस जिंकली.

अमेरिकेने व्हिएतनामच्या सैनिकांसाठी हेच १९९१ च्या एजंट ऑरेंज अ‍ॅक्टमध्ये केलं. त्याला प्रिझम्प्शन म्हणतात, म्हणजे गृहीत धरणं. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ ह्या काळात तुमचा पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागला असेल तर तुम्हाला विष लागलंच असं गृहीत. आणि सरकारी यादीतला आजार झाला तर तो त्यामुळेच असं गृहीत. फवारा कुठे होता, किती अंगावर पडला, काही विचारायचं नाही. यादी वाढत गेली, प्रोस्टेट कॅन्सर, टाइप टू डायबेटिस, हृदयविकार, पार्किन्सन्स, आणि २०२२ च्या पॅक्ट अ‍ॅक्टने तर हाय बीपी पण. आता सांगा, सत्तरीतल्या माणसाला शुगर आणि बीपी व्हायला व्हिएतनामला जावं लागतं का? तरी गृहीत धरलं, आणि बरोबरच केलं माझ्या मते, कारण वैयक्तिक पुरावा कुणाकडेच असणं शक्य नव्हतं.

पण हे सगळं बापासाठी. त्याच्या मुलांसाठी हा दरवाजा जवळजवळ बंद आहे, आणि जिथे फट आहे तिथे ती कशी पडली ते बघण्यासारखं आहे.

१९९६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने म्हटलं की सैनिकांच्या मुलांमधला स्पायना बिफिडा आणि तणनाशकं यांच्यात संबंध असल्याचा 'मर्यादित' पुरावा आहे. त्यावर अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, लगेच कायदा केला, अशा मुलांना महिन्याचा भत्ता, उपचार, व्यवसाय प्रशिक्षण. सैनिकाच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आजारासाठी पैसे, हे तोवर कधी झालं नव्हतं. त्यातही सौम्य प्रकार, स्पायना बिफिडा ऑकल्टा, वगळला. मग गंमत अशी की २०१६ मध्ये आलेल्या अहवालात त्याच समितीच्या परंपरेतल्या नव्या समितीने तो पुरावा खालच्या पायरीवर ढकलला, 'अपुरा' म्हणून. भत्ता बंद झाला नाही कारण कायदा कायदा असतो, पण आता परिस्थिती अशी की बाप व्हिएतनामला गेलेल्या मुलांसाठी यादीत जो एकमेव आजार आहे त्याच्याखालचीच वीट विज्ञानाने काढून घेतलीये आणि ज्या बाकीच्यांना यादीत यायचंय त्यांना मात्र विज्ञान घेऊन या म्हणून सांगतात.

आणि आई व्हिएतनामला गेली असेल तर? तिथे गेलेल्या बायका थोड्या, बहुतेक नर्सेस. २००० साली त्यांच्या मुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्याखाली १८ व्यंगांची नावं निघाली, दुभंगलेली टाळू, जन्मजात हृदयदोष, वाकडं पाऊल, जुळलेली बोटं वगैरे वगैरे. ह्यात एजंट ऑरेंजचं नावसुद्धा सिद्ध करायचं नाही, आई तिथे होती एवढं बास. म्हणजे एकाच गल्लीत दोन मुली, दोघींची टाळू दुभंगलेली, एकीची आई व्हिएतनामला होती, दुसरीचा बाप. पहिलीला मिळतं, दुसरीला नाही.

देश बदलला की यादी बदलते. दक्षिण कोरियाने अमेरिकेच्या बाजूने ३ लाखांहून जास्त सैनिक पाठवले होते, त्यांच्या कायद्यात दुसऱ्या पिढीसाठी तीन आजार आहेत, स्पायना बिफिडा, हातापायांच्या नसांचा एक विकार आणि पाय लुळे पडणारा मणक्याचा विकार. ऑस्ट्रेलियात १९८५ ला रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, एजंट ऑरेंज निर्दोष असा निर्वाळा दिला होता, चक्क आरोपीबद्दल बोलावं तसा, तरी नंतर तिथे सैनिकांच्या मुलांसाठी पाच गोष्टींवर सरकारी उपचार सुरू झाले, स्पायना बिफिडा, दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर आणि एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. युद्ध एक, केशरी पट्ट्याचं पिंप एक, आणि यादी कुठे एकाची, कुठे तिघांची, कुठे पाचांची, कुठे अठरांची. डायॉक्सिन पासपोर्ट बघून काम करत नाही, याद्या करतात.

कोर्टाचं म्हणाल तर ते थोडक्यात उरकते कारण तिथे निराशाच आहे. सैनिक स्वतःच्या सरकारवर दावा लावू शकत नाहीत, म्हणून ते तणनाशक बनवणाऱ्या कंपन्यांवर लावला. १९८४ मध्ये खटला सुरू व्हायच्या दिवशी पहाटे तडजोड झाली, डाऊ, मोन्सँटो वगैरे सात कंपन्यांनी १८ कोटी डॉलर दिले, चूक मान्य न करता. सुमारे ५२ हजार जणांना सरासरी ३,८०० डॉलर आले. मुलांच्या हातात थेट रोख नाही, त्यांच्यासाठी म्हणून काही रक्कम कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थांना गेली. व्हिएतनामी पीडितांच्या संघटनेने २००४ ला न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, तो २००५ ला फेटाळला गेला, त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात तणनाशक म्हणजे विषारी शस्त्र असं धरलेलं नव्हतं ह्या मुद्द्यावर, आणि २००९ ला अमेरिकी सुप्रीम कोर्टाने ऐकायलाही नकार दिला. फ्रान्समध्ये त्रान तो न्गा ह्या बाईंनी, १९४२ चा जन्म, तरुणपणी युद्धात पत्रकार होत्या, स्वतःवर फवारा पडला, पहिली मुलगी हृदयदोषाने १७ महिन्यांची असताना गेली, त्यांनी २०१४ ला चौदा कंपन्यांवर केस केली. २०२१ ला हरल्या, ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या अपील कोर्टातही हरल्या. कारण? कंपन्या एका सार्वभौम सरकारच्या हुकमावरून माल बनवत होत्या, म्हणून त्यांना संरक्षण. विष लागलं की नाही हा मुद्दा तिथपर्यंत पोचलाच नाही. बाईंनी आणखी वर जायचं जाहीर केलं.

खुद्द व्हिएतनाममध्ये सरकार भत्ता देतं, पण त्यातही मेख आहे. विष लागल्याबद्दलची ती मानाची योजना अमेरिकेविरुद्ध लढलेल्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी. त्याच जंगलात अमेरिकेच्या जोडीने दक्षिणेच्या बाजूने लढलेल्याचं मूल व्यंग घेऊन आलं तर ते सर्वसाधारण अपंगांच्या रांगेत.

अमेरिका काहीच करत नाही असंही नाही. दा नांगच्या विमानतळावर, जिथे ही पिंपं ठेवायचे, भरायचे, तिथली माती २०१२ ते २०१८ मध्ये अक्षरशः भट्टीत भाजून साफ केली, ११ कोटी डॉलरच्या आसपास खर्च. फवारलेल्या प्रांतांमधल्या अपंगांसाठीही पैसे दिले. पण त्या मदतीच्या भाषेत एक शब्दप्रयोग कायम असतो, 'कारण काहीही असो'. अपंगत्वाचं कारण काहीही असो, मदत मिळेल. ऐकायला किती उदार वाटतं ना. आणि एका अर्थाने आहेच, कारण व्हीलचेअर मिळायला पोराला काही सिद्ध करावं लागत नाही. पण ज्यांना मान्यता हवी आहे त्यांना नेमकं ते कारणच लिहून हवंय, तेवढाच रकाना रिकामा सोडलेला असतो.

आपला ह्याच्याशी संबंध काय असं कुणी विचारेल. भोपाळ. ते युद्ध नव्हतं, पण गॅस अंगात गेलेल्यांच्या पुढच्या पिढीला मोजायचं की नाही हा प्रश्न तोच. १९८९ ची तडजोड ४७ कोटी डॉलरची, आणि वाढीव भरपाईची सरकारची शेवटची याचिका २०२३ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळली. भोपाळवाली युनियन कार्बाइड २००१ ला विकत घेतली ती डाऊने, म्हणजे एजंट ऑरेंज बनवणाऱ्यांपैकीच एकाने. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला डाऊ स्पॉन्सर होती तेव्हा भारतातून निषेध झाला आणि व्हिएतनाममधूनही.

सध्या अमेरिकेतली ही मुलं, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली माणसं, मुख्यतः एकच मागतात, आमची नोंद ठेवा. २०१६ च्या एका कायद्याने विषाशी संपर्क आलेल्या सैनिकांच्या वंशजांवर संशोधन शक्य आहे का ते तपासायला सांगितलं. २०१८ ला आखाती युद्धाच्या निमित्ताने समितीचा अहवाल आला, त्यात सैनिक आणि त्यांची मुलं-नातवंडं यांचं वर्षानुवर्षं आरोग्य टिपणारी यंत्रणा कशी उभी करता येईल तेही लिहिलं. तेव्हाच्या अमेरिकी काँग्रेस सदस्य बार्बरा ली यांनी व्हिएतनामी पीडित आणि सैनिकांची मुलं दोघांनाही धरून विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं, ते पास झालं नाही. बाप जातोय, त्याच्या चरबीतला पुरावा त्याच्याबरोबर जातोय, म्हणून ही मुलं आता बापाची युनिट, तारखा, डिस्चार्जचे कागद, आपल्या लहानपणीच्या ऑपरेशनच्या फायली असं जमेल ते गोळा करून ठेवतात.

तात्यांचं म्हणाल तर त्यांनी पण पुढच्या वर्षीपासून वही घातली. शेजारी कुठल्या दिवशी पंप घेऊन आला, वारं कुठलं होतं, सगळं तारखेनिशी. शेजाऱ्याला ते कळलं, आता तो औषध मारायच्या आधी फोन करतो.